मापात पाप



मागच्या गुरुवारी स्वाध्याय संपल्यावर आम्ही सात-आठ जणी मंदिराच्या ओवरीत बसलो होतो. विषय निघाला कुणाच्या तरी नातवाचा. नवा सिनेमा थिएटरला लागून चार दिवस झाले नाहीत, तोवर पठ्ठ्याने तो नेटवरून उतरवला आणि घरच्या ग्रुपवर टाकलासुद्धा. अक्का एकदम तापल्या. म्हणाल्या, "अशांचं नेटच हळू करून टाकायला पाहिजे. अमेरिकेत करतात म्हणे कंपन्या. दोन दिवस नुसतं गोल-गोल फिरत बसलं की आपोआप अक्कल येईल." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी डोलावली नाही, पण बोललेही नाही. अक्का वयाने मोठ्या, शिवाय त्या दिवशी त्यांचं एकाशन होतं. घरी आले, भांडी आवरली, आणि रात्री झोप लागेना. म्हणून हे लिहायला बसले. अक्का, तुम्ही हे वाचणार हे मला माहीत आहे. रागावू नका, पण तुमचं चुकतंय.

आधी एक सांगून टाकते, नाहीतर अर्ध्या जणी इथेच म्हणतील की हिने चोराची बाजू घेतली. चोरून उतरवलेला सिनेमा बघणं ही चोरीच आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार आहेत, त्यातला एक तदाहृतादान. चोराने आणलेला माल घेणं. मी स्वतः भिंत फोडली नाही, दुसऱ्याने फोडली, मी फक्त वस्तू घेतली, ही सबब आपल्याकडे शेकडो वर्षांपूर्वीच निकालात काढलेली आहे. सिनेमाची कॉपी केली म्हणून मूळ सिनेमा कुठे नाहीसा होत नाही, असं मुलं म्हणतात. मी कॉमर्सची. माझं उत्तर एवढंच की तिकिटाचे पैसे आले नाहीत तर सेटवरच्या शिंप्याची मजुरी कुठून निघणार? आणि आपणही धुतल्या तांदळाच्या नाही हो. टेपरेकॉर्डरच्या काळात दोन डेकचा टेप घेऊन मी स्तवनांच्या कॅसेटच्या बारा प्रती काढल्या होत्या मंडळासाठी. त्याला आम्ही 'ज्ञानदान' म्हणायचो. ज्याने ती कॅसेट काढली त्याचं दुकान पुढे बंद पडलं. आमच्यामुळेच असं नाही, पण आमचा वाटा शून्य होता असंही मी म्हणणार नाही.

तेव्हा चोरी ही चोरी. माझं भांडण पुढच्या गोष्टीशी आहे. चोरीचा नुसता संशय आला म्हणून, पूर्ण पैसे घेतलेल्या गिऱ्हाइकाला कमी माप घालायचं, याच्याशी.

अक्का म्हणतात ती अमेरिकेतली गोष्ट खरी आहे, ऐकीव नाही. जुलै २०११ मध्ये तिथल्या सिनेमा आणि संगीत कंपन्यांच्या संघटना आणि पाच मोठ्या इंटरनेट कंपन्या यांनी आपसात करार केला. एटी अँड टी, केबलव्हिजन, कॉमकास्ट, टाइम वॉर्नर केबल आणि व्हेरायझन. फेब्रुवारी २०१३ मध्ये योजना सुरू झाली. लोकांनी तिला 'सिक्स स्ट्राइक्स' नाव ठेवलं, कारण सूचना सहापर्यंत यायच्या. पहिल्या एक-दोन नुसत्या समजुतीच्या. मधल्या दोनमध्ये 'सूचना मिळाली' असं बटण दाबून कळवायचं. आणि शेवटी शिक्षा. शिक्षा कोणती ते ज्या त्या कंपनीने ठरवायचं. व्हेरायझनने जाहीर केलं होतं की दोन-तीन दिवस तुमचा वेग २५६ केबीपीएसवर आणू. आता हिशोब करा. २५ एमबीपीएसचं कनेक्शन घेतलेल्याला हा जवळपास शंभरावा भाग झाला. शंभर पायली ज्वारीचे पैसे घ्यायचे आणि एक पायली घालायची.

लक्षात घ्या, यात कायदा नव्हता, पोलीस नव्हते, न्यायाधीश नव्हता. दोन धंद्यांनी एकमेकांशी केलेला तो करार होता, आणि ज्याचा वेग कमी व्हायचा त्या गिऱ्हाइकाला कुणी विचारलंही नव्हतं.

हे मी नुसतं वाचून बोलत नाही. २०१४ च्या भाद्रपदात मी न्यू जर्सीत होते, मुलीच्या दुसऱ्या बाळंतपणाला. दशलक्षणाचे दिवस होते. आमचे हे इकडे एकटे. त्यांच्या छातीत दुखायला लागलं म्हणून दिरांनी मिरजेला नेलं आणि डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी सकाळी अँजिओग्राफी ठरवली. त्याच रात्री मुलगी तिकडच्या इस्पितळात दाखल झाली, जावई तिच्याबरोबर. घरात मी आणि चार वर्षांचा नातू. ठरलं असं होतं की आमच्याकडे रात्रीचे दहा झाले, म्हणजे मिरजेत सकाळचे साडेसात, की दीर कॉम्प्युटरवर यांचं तोंड दाखवतील. आत न्यायच्या आधी दोन शब्द बोलायचे, णमोकार म्हणायचा, बस.

दहाला पाच मिनिटं कमी असताना मी कॉम्प्युटर लावला, तर पडद्यावर भलतंच पान. तुमच्या कनेक्शनवरून कॉपीराइट असलेली फाइल वाटली गेली आहे, ही सूचना तुम्हाला मिळाली असं मान्य करा. खाली फाइलचं नाव, कुठलासा इंग्रजी सिनेमा, आणि तारीख-वेळ. ते मान्य करेपर्यंत दुसरं काही धड उघडेना. जे उघडलं ते मुंगीच्या पावलाने. घरचा फोनही त्याच तारेवर होता. यांचा चेहरा आला तो डोळे मिटलेला आणि तसाच गोठून राहिला. माझ्या काळजाचं काय झालं असेल तुम्हीच समजा. आवाज तुटत होता. "अगं, ऐकू..." एवढंच पुन्हा पुन्हा.

मी बी.कॉम. झाले १९८१ साली सांगलीला. त्यानंतर तीन वर्षं एका आडत दुकानात हिशोब लिहिले. व्हाउचर बघितल्याशिवाय सही करायची नाही, हे तिथे अंगात मुरलं. आणि इथे मी, दशलक्षणात, एका गोष्टीवर 'मान्य' म्हणून बोट ठेवायला बसले होते, जी आमच्या घरात कुणी केली की नाही हेही मला ठाऊक नव्हतं. मी बटण दाबलं. दाबणारच. समोर नवरा डोळे मिटून गोठलाय. पान गेलं, पण वेग यायला आणखी वेळ लागला, आणि तोवर त्यांना आत नेलं होतं.

हे बरे आहेत. आत्ता बाहेर पेपर वाचताहेत, चहाची वाट बघताहेत. त्यामुळे त्या रात्रीचं मी कुणाला फारसं सांगत नाही. नंतर जावयांनी समजावलं की आई, ती नुसती पोच होती, गुन्ह्याची कबुली नव्हे. असेल. पोच आणि कबुली यातला फरक मला चांगला कळतो. पण ज्या कागदावर सही केल्याशिवाय घरचं दार उघडत नाही, तिथे सही करणाऱ्याला तो फरक कितपत दिसतो, हे मी अनुभवाने सांगू शकते. कंपनीचं नाव इथे घेत नाही. तिथल्या एका कंपनीपुरती ही गोष्ट नाही.

मग कुणी उतरवला होता तो सिनेमा? आठवड्याने उलगडा झाला. खालच्या मजल्यावर नवीन जोडपं राहायला आलं होतं, तेलुगू. त्यांचं कनेक्शन यायला वेळ होता. पोरगी एक दिवस वर आली, मुलीने वायफायचा पासवर्ड दिला. आपण विरजण देतो तसा. कोण विरजण देताना 'याचं ताकच कर, दुसरं काही करू नकोस' असं लिहून घेतं? त्यांच्याकडे कुणाचा तरी भाऊ आला, राहिला, गेला. त्याने काय केलं ते त्यालाच ठाऊक. मी जावयांना म्हटलं, कंपनीला कळवा तरी. ते म्हणाले, "आई, व्हिसाचं काम चालू आहे. उगाच कुठे नाव यायला नको." झालं. निर्दोष माणूस गप्प बसला, आणि कंपनीच्या वहीत तो दोषी म्हणून राहिला.

माझ्या माहेरी किराणा-भुसाराचं दुकान होतं, जयसिंगपूरजवळच्या एका गावात. तागडी, पितळी वजनं, आणि मेट्रिक मापं येऊन वर्षं झाली तरी कोपऱ्यात जुनी पायली, मापटं, चिपटं. वर्षातून एकदा वजनमापवाले यायचे, वजनांवर शिक्का मारून जायचे. एक गिऱ्हाईक होतं, नाव नको, अख्ख्या गावाला माहीत होतं की त्याचा हात चलाख आहे. गुळाच्या ढेपेजवळ उभा राहिला की खडा गेलाच. एकदा आमच्या नोकराने त्याला साखर तोलताना दांडी मारली. बापूंनी बघितलं. गिऱ्हाईक गेल्यावर नोकराला म्हणाले, तो चोर आहे तर त्याला दारातून परत पाठव, नाहीतर पोलीसपाटलाकडे ने. पण शेराचे पैसे घेतलेस तर शेरच घालायचा. आणि नोकराच्या हातून राहिलेली साखर पुडीत बांधून त्याच्या घरी पाठवली. आम्ही बहिणी तेव्हा हसलो होतो.

बापूंना सूत्रं पाठ नव्हती. पण त्याच पाच अतिचारांत आणखी एक आहे, हीनाधिकमानोन्मान. देताना कमी, घेताना जास्त माप. हा अतिचार सांगताना समोरचा माणूस सज्जन असेल तरच, अशी अट घातलेली नाही. आपण स्वाध्यायात तदाहृतादानावर थांबतो आणि नातवाला बोल लावतो. जरा पुढे वाचा की. चोरीचा माल घेणारा आणि मापात मारणारा एकाच सूत्रात बसलेत.

आणि कॉमर्सवालीचा एक प्रश्न. वेग कमी केला, त्याची नोंद कुठल्या खात्यात करायची? गिऱ्हाइकाने महिन्याचं पूर्ण बिल भरलं. त्याला माल कमी मिळाला. न दिलेल्या मालाचे पैसे राहिले इंटरनेट कंपनीच्या गल्ल्यात. ज्याचा सिनेमा चोरीला गेला त्या निर्मात्याच्या खात्यात किती जमा झाले? शून्य. शिंप्याची मजुरी अजून बाकीच. म्हणजे नुकसान एकाचं, शिक्षा दुसऱ्याला, आणि लाभ तिसऱ्याला. असं व्हाउचर मी आडत दुकानात केलं असतं तर शेठजींनी पेन काढून घेतलं असतं.

आता संशयाचं बघू. संशय येतो कसा? या योजनेत सिनेमा कंपन्यांनी नेमलेली माणसं टोरेंटच्या जाळ्यात शिरायची आणि तिथे कोणकोणते आयपी पत्ते फाइल वाटताना दिसतात ते वेळेसकट टिपायची. तो पत्ता माणसाचा नसतो, घराच्या राउटरचा असतो. राउटरमागे आजी, सून, मुलगा, भाडेकरू, पाहुणा कोणीही असेल. शिवाय पत्ता कायमचा नसतो. आज माझा, उद्या तुमचा. म्हणून वेळ अचूक लागते. आयर्लंडमध्ये एअरकॉम या कंपनीने २०१० साली असंच तीन सूचनांचं तंत्र सुरू केलं. तिकडे ऑक्टोबरात घड्याळं एक तास मागे घेतात. कंपनीच्या यंत्रातलं घड्याळ बदललं नाही, आणि सुमारे ३०० घरांना चोरीच्या चिठ्ठ्या गेल्या, ज्यांनी काही केलेलं नव्हतं. एक तासाची चूक. आपल्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे असतं म्हणून आपण सूनबाईला किती बोलतो, इथे तर तीनशे घरं.

याहून गमतीची गोष्ट वॉशिंग्टन विद्यापीठातली. २००८ मध्ये तिथल्या संशोधकांनी मुद्दाम असे पत्ते पुढे केले, ज्यांच्यामागे फाइल उतरवणारं यंत्रच नव्हतं. त्यातले काही पत्ते होते प्रिंटरचे. कागद छापायचा प्रिंटर! त्या प्रिंटरच्या नावाने चित्रपट चोरल्याच्या तक्रारी आल्या. मी हे जावयांना वाचून दाखवलं तेव्हा ते बऱ्याच दिवसांनी मोकळेपणाने हसले.

फ्रान्समध्ये तर २००९ मध्ये कायदाच केला, हादोपी. तिसऱ्या खेपेला नेटच तोडायचं. तिथल्या घटना परिषदेने जून २००९ मध्ये सांगितलं की नेट हा बोलण्याच्या स्वातंत्र्याचा भाग आहे, तो न्यायाधीशाशिवाय तोडता येणार नाही. मग कायदा बदलून न्यायाधीश आणला. २०१२ मध्ये पहिल्यांदा एका माणसाला १५० युरो दंड झाला. गाणी उतरवली होती त्याच्या बायकोने, आणि तसं तिने सांगितलंही. दोघांचा घटस्फोट चालला होता. तरी दंड नवऱ्याला, का तर कनेक्शन त्याच्या नावावर आणि त्याने ते सांभाळलं नाही. मैत्रिणींनो, आपल्यातल्या किती जणींच्या घरी कनेक्शन सासऱ्यांच्या नावावर आहे? ऐंशीच्या घरातले सासरे, ज्यांना राउटर म्हणजे तो हिरवा दिवा एवढंच ठाऊक. २०१३ च्या जुलैमध्ये फ्रान्सने नेट तोडायची शिक्षा रद्द केली.

अमेरिकेत दाद मागायची सोय नव्हती का? होती. पस्तीस डॉलर भरा, लवादाकडे अर्ज करा, जिंकलात तर पैसे परत. पण हे कधी? तर शिक्षेची पायरी आल्यावर. आधीच्या चार सूचना चुकीच्या असल्या तरी तोवर गप्प बसायचं. कारणंही ठरवून दिलेली. परवानगीशिवाय कुणी तुमचं कनेक्शन वापरलं, हे एक कारण होतं, पण उघड्या वायफायची सबब एकदाच चालायची. आणि माझ्या मुलीसारखीने काय म्हणायचं, जिने पासवर्ड स्वतःच्या हाताने दिला? शेजारधर्माला त्या अर्जात रकानाच नव्हता.

योजना चालवणाऱ्यांनीच आकडे दिले होते. पहिल्या दहा महिन्यांत १३ लाख सूचना, त्यातल्या बहुतेक पहिल्या-दुसऱ्या पायरीच्या. दाद मागणारे फक्त २६५. त्यातले ४७ जिंकले. शंभरात जवळपास अठरा. मी लगेच असं म्हणणार नाही की तेरा लाखांतले अठरा टक्के निर्दोष होते. जे भांडायला जातात त्यांची बाजू बहुधा भक्कम असते. पण जिथे तपासलं तिथे पाचामागे जवळजवळ एक चूक सापडते, तिथे न तपासलेल्या गठ्ठ्यावर डोळे मिटून शिक्का मारणारा ऑडिटर मी तरी ठेवणार नाही.

बरं, एवढं करून चोर तरी थांबले? जानेवारी २०१७ मध्ये योजना गुंडाळली. सिनेमावाल्यांच्या बाजूनेच सांगण्यात आलं की जे सराईत आहेत, पुन्हा पुन्हा करतात, त्यांना आवरणं या योजनेला जमलं नाही. म्हणजे सापडले कोण? साधी माणसं. सराईत चोर पत्ता लपवायच्या युक्त्या जाणतो. जिला त्या माहीत नाहीत ती नातवाला मांडीवर घेऊन रात्री दहा वाजता बटण दाबते.

इंटरनेट कंपन्यांवरही दडपण असतं, हे मला मान्य आहे. पुढे कॉक्स नावाच्या कंपनीवर खटला झाला की तुम्ही चोरट्या गिऱ्हाइकांची कनेक्शनं तोडली नाहीत. डिसेंबर २०१९ मध्ये व्हर्जिनियातल्या ज्युरीने तिला एक अब्ज डॉलर भरपाई द्यायला सांगितलं. २०२४ मध्ये वरच्या न्यायालयाने ती रक्कम रद्द केली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. अब्जाचा धाक असला की कंपनी काय करणार? संशय आला की गिऱ्हाइकावरच हात उचलणार. दुकानदाराला पाटलाचा धाक घातला की तो गिऱ्हाइकाच्या पिशव्या तपासायला लागतो, तसंच ते.

तुम्ही म्हणाल, अमेरिकेचं काय घेऊन बसलीस, आपल्याकडे असं काही नाही. घरगुती कनेक्शनचा वेग संशयावरून उतरवायची अशी योजना आपल्याकडे नाही, खरं आहे. २०१८ च्या जुलैमध्ये सरकारने नेट न्यूट्रॅलिटीचे नियमही मान्य केले, ज्यात नेटवर काय बघता यावरून भेदभाव करून वेग कमी करायला मनाई आहे. पण गाफील राहू नका. एप्रिल २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने चोरट्या सिनेमांच्या वेबसाइटवर बंदी घालताना एक सूचना केली. सरकारने असं धोरण आखता येईल का ते बघावं, की असे सिनेमे बघणाऱ्यांना आधी ई-मेल किंवा पडद्यावर इशारा द्यायचा, आणि तरी ऐकलं नाही तर दंड करायचा. म्हणजे बी पेरून झालंय. ते उगवलं तर पाणी घालायला आपल्या अक्काच पुढे असतील, ही माझी भीती.

आणि आपल्याकडे तर अनेक इंटरनेट कंपन्या एका पत्त्यामागे कितीतरी घरं बसवतात, कारण पत्तेच पुरत नाहीत. तिथे घड्याळ चुकायचीही गरज नाही. एका गल्लीत एकाने सिनेमा उतरवला आणि नोंदी नीट ठेवल्या नसल्या, की कुणाचं नाव पुढे येईल सांगता येत नाही.

संशयाने सरसकट हाणलं की काय होतं, हे आपण ऑगस्ट २०१७ मध्ये बघितलंय. दोन हिंदी सिनेमांच्या निर्मात्यांनी मद्रास उच्च न्यायालयातून आदेश मिळवले आणि अडीच हजारांवर वेबसाइट बंद झाल्या. त्या यादीत इंटरनेट आर्काइव्ह होतं. जगभरातल्या जुन्या पुस्तकांचं ते ग्रंथालय. आपल्यातल्या कितीतरी जणी तिथूनच जुने, आता छापले न जाणारे ग्रंथ उतरवून वाचतात. तेही चोरी नव्हे, मुदत संपलेले ग्रंथ असतात ते. सिनेमाच्या चोरासाठी लावलेल्या जाळ्यात अख्खं ग्रंथालय अडकलं.

मग चोरांचं करायचं काय, असं अक्का विचारतील. पकडा ना. 'उडता पंजाब' हा सिनेमा जून २०१६ मध्ये प्रदर्शनाच्या आधीच नेटवर आला होता, आणि त्या प्रतीवर चक्क सेन्सॉरची खूण होती. ती प्रत काही कुणाच्या आजीच्या वायफायवरून फुटली नव्हती. जिथून माल फुटतो तिथे कुलूप लावा. विकणाऱ्यावर, वेबसाइट चालवणाऱ्यावर खटला भरा, पुरावा दाखवा, समोरच्याला बोलू द्या, न्यायाधीशाला ठरवू द्या. दंड झाला तर तो ज्याचं नुकसान झालं त्याला मिळू द्या. वेळ लागेल. लागू दे. एक घर चुकून शिक्षा भोगण्यापेक्षा बरं.

आणि दोन दिवस नेट हळू झालं तर काय बिघडतं, हे जे अक्का म्हणाल्या ना, त्याचं मला सगळ्यात जास्त लागलं. आजकाल त्याच तारेवरून सासऱ्यांचा पेन्शनचा हयातीचा दाखला जातो. पोरांची पाठशाळा त्याच्यावर भरते. सून घरून काम करते, तिची मिटिंग बंद पडली तर साहेब तिला विचारतो, तिच्या भाच्याला नाही. सिनेमा बघणारा पोरगा काय करतो? मोबाइलचा डेटा लावतो आणि गच्चीवर जाऊन बसतो. गोल-गोल फिरणारं चाक बघत बसतात बाकीचे.

हे सगळं काल संध्याकाळी मी अक्कांना त्यांच्या घरी जाऊन सांगितलं. वाद झाला. त्यांनी मला चहाही जरा उशिराच दिला. शेवटी मी म्हटलं, अक्का, एकच करा. तुमच्या घरच्या वायफायचा पासवर्ड कुणाकुणाकडे आहे, तेवढं मोजून सांगा. त्या म्हणाल्या, त्यात काय, आम्ही चौघं. मग त्यांना वरच्या खोलीतली इंजिनिअरिंगची दोन पोरं आठवली. मग धुणंभांडी करणाऱ्या मावशींची मुलगी, अकरावीची, जिला परीक्षेच्या वेळी अक्कांनीच दिला होता. मग गणपतीत आलेले व्याही. रात्री साडेनऊला त्यांचा फोन आला की समोरच्या मेडिकलवाल्यालाही दिलाय. तोवर नऊ झाले होते. मोजणं अजून चालू आहे.